ऐकून घेणं आणि ऐकणं

कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच एक वाक्य शिकवलं जातं: 'मी आपली अडचण समजू शकते.' मुलगा असेल तर 'शकतो'. या धंद्यात त्याला 'एम्पथी स्टेटमेंट' म्हणतात. ग्राहकानं तक्रार सांगितली की उत्तराच्या आधी ते वाक्य यायला हवं, नाही आलं तर गुण कापले जातात. गुण कापणारी टीम वेगळी असते, तिला नुसतं 'क्वालिटी' म्हणतात. ही माणसं रेकॉर्ड झालेल्या कॉल्सपैकी काही काढून ऐकतात आणि एकेका कॉलची गुणपत्रिका बनवतात. नाव घेऊन बोललात का, मध्येच तोडलंत का, होल्डवर ठेवताना परवानगी घेतलीत का, सहानुभूती दाखवलीत का. 'वाटली का' असा रकाना नसतो. ते एका अर्थी बरंच आहे म्हणा.

मी कॉल घेत नाही. मी पुण्यात एका कंपनीत कॉल सेंटर्ससाठी सॉफ्टवेअर लिहितो. तुमचा फोन लागल्यावर एजंटच्या समोर जी स्क्रीन उघडते, ज्यात तुमचं नाव, जुन्या तक्रारी आणि 'तक्रारीचा प्रकार' असा ड्रॉपडाऊन असतो, तसली स्क्रीन. चार वर्षं हेच करतोय. या चार वर्षांत 'चांगली सेवा म्हणजे नीट ऐकणं' हे वाक्य मी इतक्या प्रेझेंटेशन्समध्ये पाहिलंय की आता ते मला वॉलपेपरसारखं दिसतं. पण ऐकण्यासाठी एवढी यंत्रणा उभी असताना फोन ठेवल्यावर आपल्याला 'कुणीच ऐकलं नाही' असंच का वाटतं? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की एखाद्या माणसाला पगार देऊन ऐकायला बसवायचं आणि त्यानं ऐकलेल्याचं पुढे काहीच होणार नाही अशी व्यवस्था करायची, यात नैतिकदृष्ट्या काही वावगं आहे का? मला वाटतं, आहे.

आधी थोडं गणित, कारण कॉल सेंटर मुळात गणितावर चालतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ॲग्नर एर्लांग नावाचा एक गणिती कामाला होता. एक्स्चेंजमध्ये लोकांना फार ताटकळू न देता किती लाइन पुरतील, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्यानं १९०९ आणि १९१७ मध्ये त्यावर जे लिहिलं, त्याच्याच जोरावर आजही जगभरात कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची ते ठरतं. एक उदाहरण घ्या. तासाला १२० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ५ मिनिटं चालतो. म्हणजे १० माणसांना श्वास न घेता पुरेल इतकं काम. पण बरोबर १० माणसं बसवली तर रांग वाढतच जाते, कारण कॉल घड्याळ बघून येत नाहीत. ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे असतील तर १४ माणसं लागतात. आता प्रत्येकानं ग्राहकाचं फक्त एक मिनिट जास्त ऐकलं, ५ ची ६ मिनिटं झाली, तर १४ ची १६ होतात. दोन माणसांचा पगार, दोन खुर्च्या, दोन हेडफोन, महिन्याच्या महिन्याला.

ऐकण्याची किंमत इतकी उघडी दुसरीकडे कुठे दिसत नाही. एजंटच्या डोक्यावर 'एएचटी' म्हणजे कॉलच्या सरासरी वेळेचा काटा टांगलेला असतो तो यामुळेच. एर्लांगचा यात काही दोष नाही, त्याचं गणित सुंदर आहे. त्यात 'कॉल' म्हणजे लाइन किती वेळ अडकून राहिली एवढंच. बॅलन्स विचारणारा आणि नवरा गेल्याचं सांगणारी, दोघांची लाइन सारखीच अडकते.

नवरा गेल्याचं सांगणारी हे मी उगाच लिहिलं नाही. मागच्या वर्षी कॉलचा आपोआप सारांश काढणारं एक फीचर आमच्या टीमकडे आलं. त्यासाठी आम्हाला नावं-नंबर पुसलेली रेकॉर्डिंग्ज मिळाली होती. मराठी कॉल तपासायला टीममध्ये मीच होतो, म्हणून काही आठवडे रोज हेडफोन लावून मी अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकत होतो. त्यातला एक कॉल.

बाई साठीच्या आसपासच्या असाव्यात, बोलणं सोलापूरकडचं. नवऱ्याच्या नावावर छोटं कर्ज होतं, तो वारला. कर्जावर विमा होता असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, त्याची चौकशी करायची होती. माहिती द्यायच्या आधी ओळख पटवायला ओटीपी. ओटीपी जाणार नवऱ्याच्या नंबरवर. तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडलेला. मग नंबर बदला. नंबर बदलायला ओटीपी. तो कुठे जाणार? जुन्या नंबरवर. मग शाखेत जा. शाखेत त्या जाऊन आल्या होत्या, तिथूनच त्यांना हा हेल्पलाइनचा नंबर दिला होता.

एजंट मुलगी अतिशय सभ्य होती. तिनं एकदाही आवाज चढवला नाही, मध्ये तोडलं नाही, 'मी आपली अडचण समजू शकते' तीनदा म्हणाली. शेवटी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बाळा, तू गोड बोलतीस. पण तुझ्या हातात काही नाही, व्हय ना?"

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये चार सेकंद काहीच नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला 'डेड एअर' म्हणतात, त्याची वेगळी नोंद होते आणि ती एजंटच्या विरोधात जाते. चार सेकंदांनंतर ती मुलगी म्हणाली, "नाही मावशी. माझ्या हातात काही नाही." आणि मग, जे स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं ते: "तुम्ही मृत्यूचा दाखला घेऊन जा, आणि शाखेत तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच मागितल्याशिवाय उठू नका."

गुणपत्रिकेत तिचे गुण दोन ठिकाणी कापलेले होते. 'मॅडम' न म्हणता 'मावशी' म्हटलं म्हणून एकदा, आणि कंपनीची असमर्थता ग्राहकासमोर मान्य केली म्हणून दुसऱ्यांदा. तक्रार बंद झाली होती. प्रकार: नंबर बदल. स्थिती: माहिती दिली.

संपूर्ण कॉलमध्ये त्या बाईंना कुणीतरी ऐकलं असं जर एखाद्या जागी झालं असेल तर ते त्या चार सेकंदांत आणि त्यानंतरच्या तीन-चार वाक्यांत. मजा म्हणजे आमच्या मोजमापात नेमका तोच भाग खराब ठरला.

मराठीत 'ऐकणं' हा शब्द जरा फसवा आहे. 'पोरगं माझं ऐकत नाही' असं आई म्हणते तेव्हा ती पोराला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. त्याच्या कानावर पडलंय, फरक पडलेला नाही, ही तिची तक्रार असते. म्हणजे आपल्या भाषेत ऐकण्याच्या पोटातच 'त्याप्रमाणे काहीतरी बदलणं' आहे. याउलट 'ऐकून घेणं' बघा. साहेबांचं ऐकून घेतलं, सासूचं ऐकून घेतलं. इथे ऐकणाऱ्याच्या हातात काही नसतं, तो फक्त समोरच्याचा राग अंगावर घेतो. 'सुनावणं' म्हणजे झापणं, पण 'सुनावणी' म्हणजे न्यायाच्या वाटेवरची पायरी, जिच्या शेवटी निकाल असतो. 'दाद' तर त्याहून भारी. गाण्याला दाद देतो तीही दाद, कोर्टात मागतो तीही दाद. मूळ फारसीत या शब्दाचा अर्थच न्याय.

तर कॉल सेंटरमध्ये काय घडतं? एजंट ऐकून घेतो आणि कंपनी ऐकत नाही. एका देहाचे कान आणि हात कापून दोन वेगळ्या इमारतींत ठेवले आहेत. कान बोलके, गोड, २४ तास उघडे. हात कुठल्या मजल्यावर आहे ते कानालाही ठाऊक नाही.

लहानपणी श्रावणात आजी रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी वाचायची. मला त्यातली देवाधर्माची बाजू फारशी लक्षात नाही, एक गोष्ट मात्र पक्की आठवते. त्या कहाणीतल्या राणीला आपली कहाणी ऐकणारं कुणीतरी हवं असतं. पानं वाढलेली असतात, पण कुणी ऐकल्याशिवाय तिला जेवता येत नाही. मग शोधाशोध होते आणि वाटेनं जाणारा एक मोळीविक्या सापडतो. त्याला आपल्या पोटाची चिंता, राणीची कहाणी ऐकून त्याला काय मिळणार? राणी सहा मोती घेते, तीन त्याच्या हातात देते, तीन आपल्या हातात ठेवते, आणि मगच सांगायला लागते. ती मनापासून सांगते, तो मनापासून ऐकतो. पुढच्या मुक्कामांवर माळी भेटतो, मुलं गमावलेली म्हातारी भेटते. तिथेही तसंच, निम्मे मोती ऐकणाऱ्याच्या हातात.

हे मोती मला आता वेगळे दिसतात. ज्यानं ही कहाणी रचली त्याला इतकं नक्की कळत होतं की रिकाम्या हाताच्या माणसाकडून मनापासून ऐकण्याची अपेक्षा करता येत नाही. सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या हातात सारखंच काहीतरी असलं पाहिजे.

हे सगळं मी माझ्या एका मित्राला ऐकवलं. त्यानं इंजिनिअरिंगनंतर तीन वर्षं व्हॉइस प्रोसेसमध्ये काढली आहेत, रात्रपाळीसकट. त्यानं माझा बराचसा उत्साह उतरवला. म्हणाला, "तुला वाटतं एजंटला अधिकार हवे असतात? मला नको होते. अठरा हजारांत अधिकार दिले की उद्या चूक झाल्यावर मानगूट माझीच धरणार. आणि त्या वाक्याला इतकं वाईट म्हणू नकोस. दिवसाला ऐंशी लोक शिव्या घालतात. ते वाक्य म्हणजे रेनकोट आहे. आतला माणूस कोरडा राहतो."

रेनकोटाचं मला पटलं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. डेल्टा एअरलाइन्समधल्या हवाई सुंदरींचं आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचं काम त्यांनी अभ्यासलं होतं. एकीला हसणं विकायचं होतं, दुसऱ्याला दरारा. भावना हाच जेव्हा मालाचा भाग होतो तेव्हा त्या कामाला त्यांनी 'इमोशनल लेबर' हे नाव दिलं. वरवरचा अभिनय आणि आतून स्वतःला तसं वाटायला लावणं असे दोन प्रकार त्या सांगतात. आणि दुसरा प्रकार माणसाला आपलं काय नि कंपनीचं काय हेच कळेनासं करू शकतो. म्हणून 'एजंटनं मनापासून ऐकावं' अशी मागणी करणाऱ्यांबद्दल मला हल्ली संशय येतो. अठरा हजारांत वेळ विकत मिळतो. मनही त्यातच धरायचं, हा लोभ झाला.

म्हणजे मोत्यांचा हिशोब मला थोडा सुधारून मांडायला हवा. व्यक्तीकडून मनाची मागणी करायची नाही. संस्थेकडून मात्र ऐकण्याची मागणी करायची, आणि संस्थेला मन नसतंच, त्यामुळे तिचं ऐकणं एकाच गोष्टीवरून ओळखता येतं: सांगितलेल्यामुळे काही हललं का?

कुणी म्हणेल, हात नसलेला कानही कामाचा असतो. मित्राकडे आपण रडतो तेव्हा तो काय करू शकतो? काही नाही, तरी हलकं वाटतं. खरंच आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये 'ॲक्टिव्ह लिसनिंग' नावाची पुस्तिका लिहिली, आजची सगळी ट्रेनिंग तिचीच नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांचं म्हणणं हेच होतं की सल्ला न देता, न्याय न करता ऐकलं तरी बोलणारा बदलतो. पण मित्राच्या हातात काही नाही हे आपल्या दोघांनाही माहीत असतं, आणि मित्रानं आपल्या नवऱ्याचे विम्याचे पैसे अडवलेले नसतात. हेल्पलाइनवर ज्याच्याकडे ताकद आहे तो ज्याच्याकडे ताकद नाही त्याला पुढे करून मागे उभा असतो. तिथे सांत्वन हा पडदा होतो. त्या मुलीचा माणूसपणा खर्च करून कंपनी स्वतःचं बहिरेपण विकत घेते. यात फसवणूक फोन करणाऱ्या बाईंची होते, आणि त्या मुलीचीही.

आता त्या मुलीच्या जागी बॉट येतो आहे, त्यामुळे प्रश्न आणखी टोकदार झालाय. जोसेफ वायझेनबाउमनं एमआयटीमध्ये एलिझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला, १९६६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रॉजर्सच्या पद्धतीची नक्कल करत तो माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. समजत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिनं हा प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता, ती त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिनं वायझेनबाउमला खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं. तो हादरला, आणि पुढे १९७६ मध्ये त्यानं अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की काही कामं यंत्राला देता येत असली तरी देऊ नयेत.

मी त्याच्याइतका कडवा नाही. बॉट थकत नाही, वैतागत नाही, मराठी बोलणाऱ्याला हिंदीत ढकलत नाही. काही बाबतींत तो तिसऱ्या शिफ्टच्या शेवटी बसलेल्या माणसापेक्षा बरा असेल. माझी भीती दुसरी आहे, आणि ती एका खटल्यात स्वच्छ दिसली. कॅनडात एका माणसाची आजी वारली. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं त्याला सांगितलं की तिकीट आधी काढा, शोकप्रसंगीची सवलत नंतर मागता येईल. नंतर मागितल्यावर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढे गेलं. तिथे कंपनीनं मांडलेल्या बचावाचा अर्थ असा निघत होता की चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे आणि आपल्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं हे फेटाळलं आणि फरकाचे सुमारे ६५० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. निकाल चांगला लागला, पण मला निकालापेक्षा तो बचाव महत्त्वाचा वाटतो. कान आणि हात आधीच वेगळ्या इमारतींत होते, आता कान आमचा नाहीच असं म्हणण्यापर्यंत मजल गेली.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते कारखान्यातून आलंय. टोयोटाच्या कारखान्यात असेंब्ली लाइनच्या बाजूनं एक दोरी असायची, अँडनची. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढायचा. वरिष्ठ धावत यायचा, आणि अडचण तिथल्या तिथे सुटली नाही तर लाइन थांबायची. कामगारानं आधी फॉर्म भरायचा नसे. ॲमेझॉननं ही कल्पना ग्राहकसेवेत आणली: एकाच वस्तूबद्दल सारखी तक्रार येऊ लागली तर फोनवरचा एजंट ती वस्तू विक्रीतून काढून घेऊ शकतो. त्या एजंटनं मग 'मी समजू शकतो' म्हटलं काय, न म्हटलं काय. (आपल्याकडेही असं ऐकणं मिळतं. खात्यात पुरेशी रक्कम असली की बँक तुम्हाला एका माणसाचा थेट नंबर देते आणि तो फोन उचलतो. मोती सगळ्यांनाच वाटता येत नाहीत, असं दिसतं.)

आमच्या पातळीवर दोरी लावणं शक्य नाही, नियम आमच्या ग्राहक कंपनीचे असतात. पण आमच्या ड्रॉपडाऊनमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा पर्याय 'इतर' आहे, आणि 'इतर' मधला मजकूर कुणी वाचत नाही. त्या कॉलनंतर मी एजंटच्या स्क्रीनवर एक बटण सुचवलं: 'नियमच अडतोय'. म्हणजे ग्राहक चुकलेला नाही, मीही चुकलेले नाही, पण नियमाप्रमाणे गेलं तर मार्गच नाही. ते दाबलं की तक्रार 'बंद' करता येणार नाही आणि दाबणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "याचा मेट्रिक काय?" दुसरा, "लोक उगाच दाबत सुटतील." तिसरा मात्र बरोबर होता, आणि तो ऑपरेशन्समधल्या एका बाईंनी विचारला: "दाबल्यावर ते वाचणार कोण?"

तिथे अडलं, कारण बटण बनवायला दोन दिवस लागतात आणि वाचायला रोज कुणीतरी लागतं. शेवटी एका छोट्या टीमपुरतं बटण सुरू झालं आणि वाचायचं काम, दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून, त्या बाई आणि मी वाटून घेतलं. दर शुक्रवारी दुपारी तासभर. लोक उगाच दाबत सुटले नाहीत. एजंटांना आपल्या कामातला अर्थहीन भाग कुठला आहे ते चांगलंच माहीत असतं. सगळ्यात जास्त नोंदी एकाच नियमाच्या आल्या: वारलेल्या माणसाच्या नंबरवर जाणारा ओटीपी. एका एजंटनं तर शेऱ्यात वारसासाठी वेगळी पडताळणी कशी करता येईल ते पाच पायऱ्यांत लिहून दिलं होतं, आमच्या बिझनेस ॲनालिस्टपेक्षा नीट.

आम्ही ते सगळं एकत्र करून ग्राहक कंपनीकडे पाठवलं. 'कंप्लायन्सकडे पाठवलं आहे' असं उत्तर आलं, त्याला आता सात आठवडे झाले. दर शुक्रवारी त्या मेलच्या खाली आम्ही त्या आठवड्याच्या नव्या नोंदी जोडतो आणि पुन्हा पाठवतो. मागच्या वेळी बाईंनी विषयाच्या ओळीत 'पोच द्यावी' असं लिहिलं.